गावातून वर्क फ्रॉम होम: आधी लाईन मोजा, खुर्ची नंतर घ्या

विदर्भातल्या खेड्यांत राहून कंपनीचं काम करणारी पोरंपोरी आता बरीच झाली आहेत. त्यातले अनेक जण मला विचारायला येतात आणि बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकलेलं असतं: क्रम. नोकरी लागली की आधी टेबल-खुर्ची येते, मग दुकानदार म्हणेल तो इन्व्हर्टर, मग कोणीतरी सांगितलं म्हणून दुसरं सिम. पैसे संपतात आणि सोमवारची मीटिंग तरीही अर्ध्यात तुटते.

गावात नेट विजेवर टांगलेलं असतं, वीज हंगामावर, आणि तुमचा वेळ घरच्यांवर. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं करा. मधला एखादा गाळून पुढे गेलात, तर पुढचा खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी आहे.

नोकरी अजून लागायची असेल तर एवढंच लक्षात ठेवा. जो "घरबसल्या डेटा एंट्री"साठी नोंदणी फी, किट किंवा डिपॉझिट मागतो, तो काम देत नसतो. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा. उशीर केला की रक्कम अडवणं कठीण होतं.

टप्पा १: आठ दिवस फक्त नोंद, खर्च जवळपास शून्य

एक वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा: लाईन कधी गेली, कधी आली, व्होल्टेज किती होतं आणि लाईन गेल्यावर मोबाईलचं नेट किती वेळ टिकलं. व्होल्टेजसाठी प्लगमध्ये लावायचा छोटा डिजिटल मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. सकाळी नऊ, दुपारी एक आणि रात्री आठ, असं तीनदा बघा.

पान साधारण असं दिसेल:

मंगळवार: १०.२० ला गेली, ११.०५ ला आली. नेट पूर्ण वेळ होतं. रात्री ८ ला व्होल्टेज १७५.
बुधवार: वारावादळ, २ ला गेली. ४.१५ ला नेट गेलं. ६ ला लाईन आली, नेट ६.२० ला.

बुधवारच्या ओळीत लाईन गेल्यावर नेट सव्वादोन तास टिकलं. गावातल्या टॉवरची बॅटरी तेवढीच चालली. हा आकडा नीट जपा, कारण टॉवर दोन तासांत झोपत असेल तर ऑनलाईन कामासाठी घरी आठ तासांचा बॅकअप घेऊन काही हाती लागत नाही. ते पैसे दुसऱ्या टॉवरचं नेट मिळवण्यात लावले तर उपयोगी पडतात. हा हिशोब न करता मोठी बॅटरी घेणं, ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक.

सोबत आणखी एक चौकशी करा: तुमचं घर कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या कोणत्या लाईनवर आहे? गावठाण फीडरवरच्या घराला दिवसभर वीज असते, निदान असायला हवी. वावरात बांधलेलं घर शेतीच्या फीडरवर असेल, तर पुरी वीज ठराविक तासच मिळते आणि ते तास बऱ्याच ठिकाणी दिवसपाळी-रात्रपाळीप्रमाणे बदलतात. लाईनमनला विचारलं तर तो लगेच सांगेल. घर शेतीच्या फीडरवर असेल, तर कामाची खोली गावातल्या घरात करता येते का ते आधी बघा.

तपासा: बिलावरचा ग्राहक क्रमांक मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि महावितरणकडे आपला मोबाईल नंबर नोंदवा. लाईन गेली की १९१२ वर तक्रार करताना हा क्रमांक लागतो.

टप्पा २: वीज

पहिलं काम अर्थिंगचं. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या भागाला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर बहुधा तुमच्या घरच्या तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या घरांत हे सर्रास असतं. तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या, नसेल तर खड्डा करून अर्थिंग बसवून घ्या. त्याच दिवशी मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी लावून घ्या. गळतीचा करंट लागला की ते आपोआप लाईन तोडतं. घरात कूलर असेल तर हे टाळूच नका.

मग इन्व्हर्टर. हिशोब सोपा आहे. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हजार ते बाराशे धरा. लॅपटॉप ६०, साधा पंखा ७५, राऊटर १० आणि एक एलईडी, मिळून १५० वॅटच्या आसपास. म्हणजे सहा-सात तास. त्यावरच कूलर लावला की तीन तासांत बॅटरी बसते. इन्व्हर्टरवर काय चालणार ते बोर्डातच वेगळं करून घ्या, नाहीतर टीव्ही आणि मिक्सर तुमच्या मीटिंगची वीज खातील. साध्या पंख्याऐवजी बीएलडीसी पंखा घेतला, तर तोच वारा तीसेक वॅटमध्ये मिळतो.

आता ती चूक, जिच्यामुळे चांगले इन्व्हर्टर बदनाम होतात. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं. एका बाजूला "यूपीएस", दुसऱ्या बाजूला "इको" किंवा "नॉर्मल". यूपीएसवर ठेवलं की इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईन घेतच नाही आणि सरळ बॅटरीवर जातो. गावात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं की बाहेर लाईट दिसतो, पण आत बॅटरी उतरत असते आणि चार्जही होत नसते. रात्री नऊला खरंच लाईन जाते, तेव्हा बॅटरी रिकामी. मग दोष बॅटरीला लागतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला यूपीएस मोडची गरज नाही. बटण दुसऱ्या बाजूला करा.

तेवढ्यानं एक अडचण उरते: लाईन जाता-येता राऊटर क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून तसाच घ्या. बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाही. फायबरचा डबा आणि वाय-फायचा डबा वेगळे असतील, तर दोन्हींना वीज लागते हे विसरू नका.

सावधान: छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पीएम सूर्यघर योजनेत बसणारे सोलर बहुतेक ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेले असतात. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू नये म्हणून लाईन गेली की ते स्वतःहून बंद होतात, भर उन्हातसुद्धा. लाईन नसताना सोलर चालवायचं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हे सोलर बसवण्याआधी विचारा, नंतर बदलणं महागात जातं.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं पाणी कधीच नाही. उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा.

टप्पा ३: नेट

कोणतं कनेक्शन घ्यायचं, ते जाहिरातीवरून ठरवू नका. गावात आधीच कोणाकडे काय चालतं, ते ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था आणि किराणा दुकानात विचारा. पसंतीचा क्रम असा ठेवा: फायबर मिळत असेल तर फायबर, नसेल तर छतावर यंत्र लावून मिळणारं ५जी एअरफायबर, तेही नसेल तर चांगला ४जी राऊटर. मोबाईलचा हॉटस्पॉट हा बॅकअप आहे. त्यावर रोजची आठ तासांची नोकरी चालत नाही आणि मे महिन्यात तर फोन तापून स्वतःच बंद पडतो.

फायबर देणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: "गावातली लाईन गेली तर तुमच्या बाजूची मशीन किती वेळ चालते?" तुमच्या घरी इन्व्हर्टर असून फायबरवाल्याच्या मशीनला बॅकअप नसेल तर नेट जाणारच. दुसरं, घरापर्यंत येणारी वायर झाडावरून किंवा कवेलूंवरून लोंबकळत आणू देऊ नका. वानरांनी उड्या मारून तोडलेल्या वायरी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. भिंतीला क्लिप मारून घ्यायला सांगा.

सिग्नल मोजताना फोनवरच्या काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "अबाउट फोन"मधून सिम स्टेटस उघडलं की सिग्नलचा आकडा वजा चिन्हासह दिसतो. ४जीसाठी वजा ८५ ते ९५ चांगला, वजा ११० च्या पुढे गेला तर मीटिंग तुटणार. हा आकडा घेऊन घरभर फिरा: सपरी, माजघर, गच्ची, मागची खोली. मातीच्या जाड भिंती आणि टिनाचं छत सिग्नल बराच अडवतात. एकाच घरात वीस-पंचवीसचा फरक सहज पडतो. जिथं आकडा चांगला, तिथं ४जी राऊटर ठेवा आणि तिथून लॅन वायरनं टेबलापर्यंत या.

स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोड बघतात. मीटिंगमध्ये तुमचा आवाज आणि चेहरा अपलोडनं जातो. गटाच्या व्हिडिओ मीटिंगसाठी अपलोड तीन-चार एमबीपीएस असावं, नुसत्या आवाजाला त्याचा छोटा अंशही पुरतो. म्हणून नेट डगमगलं की पहिलं काम कॅमेरा बंद करणं, आणि तरीही आवाज तुटला तर फोनवरून मीटिंगचा नंबर लावणं.

दुसऱ्या सिमची चूक: दोन कंपन्यांची सिमं घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असं धरू नका. खेड्यात बऱ्याचदा दोन कंपन्या एकाच टॉवरवर असतात. टॉवरची बॅटरी बसली की दोन्ही एकाच वेळी जातात. आठ दिवसांच्या नोंदीत दोन्ही सिमांची जाण्याची वेळ वेगळी दिसली, तरच ते दुसरं सिम कामाचं.

रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर व्हिडिओ मीटिंग तासाला अर्धा ते दीड जीबी खाते. हॉटस्पॉट जोडल्यावर विंडोजमध्ये त्या वाय-फायला "मीटर्ड कनेक्शन" करून ठेवा, नाहीतर अपडेट आणि ड्राईव्हच पॅक संपवतात.

आणि तिसरी वाट जागेची. तालुक्याच्या गावी एखादी अभ्यासिका, मामाचं घर, मित्राचं दुकान, जिथं सरळ जाऊन बसता येईल अशी एक जागा पक्की ठेवा. अडचण येण्याआधी एकदा तिथं बसून पूर्ण दिवस काम करून बघा.

टप्पा ४: खोली आणि उन्हाळा

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बहुतेक लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. टिनाखाली बसलात तर लॅपटॉप आधी हळू चालेल, मग पंखा घरघरेल, मग बंद पडेल. तुमच्या डोक्याचंही तेच होतं.

खोली निवडताना उत्तरेची, खालच्या मजल्यावरची घ्या. स्लॅबखालची खोली दुपारी तीननंतर तापत जाते आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही; रात्रपाळी असणाऱ्यांनी हे आधीच धरावं. कवेलूचं घर असेल तर नशीबवान आहात, फक्त धुळीसाठी लॅपटॉपवर कापड टाकायची सवय लावा. स्लॅबवर एप्रिलच्या सुरुवातीला चुन्याचे दोन हात मारले आणि हिरवी शेडनेट दोन फूट वर ताणली, तर फरक हाताला जाणवतो.

कूलर खिडकीत लावा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. खोली गच्च बंद करून कूलर चालवणं ही जुनी चूक आहे. हवा बाहेर जायला वाट नसली की दमटपणा साचतो, गारवा येत नाही. लॅपटॉप वाऱ्याच्या सरळ धारेत नको; क्षारांचे थेंब किबोर्डात जातात.

सावधान: कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करा आणि प्लगही काढा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. मीटिंगच्या दोन मिनिटांच्या मोकळ्या वेळात ओल्या पायांनी, चालू कूलरमध्ये पाईप सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. पाणी सकाळी काम सुरू होण्याआधीच भरून ठेवा.

कूलरचा आवाज मीटिंगमध्ये फार जातो. लॅपटॉपच्या माईकवर तो घरघर वाहतो, समोरच्याला तुमचं अर्धंच ऐकू येतं. तोंडाजवळ माईक येणारा वायरचा हेडसेट घ्या आणि मीटिंग ॲपमधलं आवाज गाळणारं सेटिंग चालू करा. खुर्ची नवी घेण्याआधी हेडसेट घ्या. बसण्याचं म्हणाल तर कोपर टेबलाच्या उंचीला, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉपखाली पाट किंवा दोन विटा, आणि वेगळा किबोर्ड-माऊस. एवढं पुरतं.

कंपनी परवानगी देत असेल तर मे महिन्यात सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर, अशी वेळ मागून घ्या. भर दुपारचे तीन-चार तास वाचले की कूलर, इन्व्हर्टर आणि तुम्ही, तिघंही टिकता.

टप्पा ५: घरचे आणि गाव

यंत्रं लागली तरी खरी परीक्षा इथं आहे आणि इथं पैशांनी काही होत नाही.

गावात लॅपटॉप असलेला माणूस म्हणजे फुकटचं सेतू केंद्र होतो. पीक विमा भरायचा आहे, ई-पीक पाहणी होत नाही, सातबारा काढून दे, किसान सन्मानची केवायसी अडली. "भाऊ, लय नाही, दोन मिनिटाचं काम हाय." येणारा माणूस आपलाच असतो आणि त्याची अडचण खरी असते, म्हणून नाही म्हणणं जड जातं. नाही म्हणू नका, वेळ द्या. रविवार सकाळ ठरवून टाका आणि सगळ्यांना तीच सांगा. विम्याची शेवटची तारीख जवळ असेल तर गावातल्या सीएससी केंद्रावर पाठवा. हे काम आपल्या फोनवर करा. कंपनीच्या लॅपटॉपवर कोणाची केवायसी करणं किंवा कोणाचा पेनड्राईव्ह लावणं नोकरीवर बेतू शकतं.

दाराशी येणाऱ्याला तुम्ही भेटतच नाही, भेटतात आजी किंवा आई. म्हणून काय सांगायचं ते त्यांच्याशीच ठरवा. "तो खोलीत आहे, काम करतोय" असं सांगितलं की माणूस खोलीत येतो. एका घरी आजींनी स्वतःच वाक्य शोधलं: "तो कामावर हाय, सा वाजता येते." नातू भिंतीपलीकडेच असायचा, पण "कामावर हाय" म्हटलं की कोणी थांबत नसे. हेच वाक्य वापरा. दार शक्यतो सपरीत उघडणारं नको, मागच्या बाजूचं असावं.

सुनेची नोकरी असेल तर हा ठराव दुप्पट जपून करावा लागतो. पोरगा घरून काम करतो तेव्हा त्याला ताट खोलीत मिळतं. सून घरून काम करते तेव्हा कुकरच्या शिट्ट्या तिनंच मोजायच्या असतात, पाहुणा आला की चहाही तिचाच, आणि मग "घरीच तर असते" हे ऐकायचं. हे अन्यायाचं आहे आणि आपोआप सुटत नाही. कामाच्या पहिल्या आठवड्यातच, सगळे जेवायला बसलेले असताना, नवऱ्यानं बोलायला हवं. ती एकटी बोलली की ते उलट उत्तर ठरतं. बोलणं मोघम नको. "हिला जरा वेळ द्या" याला काही अर्थ नाही. "दहा ते एक आणि दोन ते सहा ती कामावर आहे; स्वयंपाक साडेनऊला आटपतो, दुपारचा चहा मी ठेवीन, धुण्याला बाई लावू" असं नावानिशी आणि वेळेनिशी ठरवा. तिच्या पगारातून घरात काय येतं, तेही उघड बोललेलं बरं.

लहान लेकरांना वेळ कळत नाही, खूण कळते. हेडसेट डोक्यावर असला की बोलायचं नाही, एवढं शिकवा. आणि काम संपलं की तो खरंच काढून ठेवा, नाहीतर खूण चार दिवसांत मरते.

तपासा: महिन्याभरात किती वेळा मीटिंगमधून उठावं लागलं आणि कोणासाठी, ते आठवून बघा. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या एकाच माणसाशी शांतपणे बोला.

टप्पा ६: ऑफिसला आधी सांगा

लाईन गेल्यावर "सर, गावात लाईट नाही" असा मेसेज गेला की तो बहाणा वाटतो. तेच दोन आठवडे आधी लिहिलं तर नियोजन वाटतं. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात टीम लीडला असं कळवा:

"मी गावातून काम करतो. वीज गेल्यास माझ्याकडे सहा तासांचा बॅकअप आहे. फायबर बंद पडल्यास पाच मिनिटांत मोबाईल नेटवर येतो, तेव्हा कॅमेरा बंद असेल. दोन्ही गेल्यास फोनवर हजर असेन आणि तासाभरात तालुक्याच्या ठिकाणी पोचेन. जून ते सप्टेंबरमध्ये विजा चमकत असताना मला दहा-पंधरा मिनिटं वायरी काढून ठेवाव्या लागू शकतात."

आकडे आपल्या नोंदीतले घाला, दुसऱ्याचे नकोत. सोबत एक काम नेहमी राखून ठेवा, जे नेटशिवाय होतं: कागदपत्र वाचणं, मसुदा लिहिणं, शीट तपासणं. त्याच्या फाईली आदल्या दिवशीच उतरवून घ्या.

टप्पा ७: हंगामाप्रमाणे बदल

जूनमध्ये कूलरचं काम संपतं. हवा दमट झाली की तो फक्त चिकचिक वाढवतो; पंखा पुरतो. याच महिन्यात विजांचं भय सुरू होतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये घ्या. गडगडाट जवळ आला की लॅपटॉपचा आणि राऊटरचा प्लग भिंतीतून काढा, राऊटरची लॅन वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. लॅपटॉप बॅटरीवर आणि नेट मोबाईलवर, असं काम चालू ठेवता येतं.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाचा वेचा येतो. मजूर मिळाले की घरच्या माणसालाही वावरात जावं लागतं, याला इलाज नाही. सुट्ट्या सप्टेंबरमध्येच टाकून ठेवा. ऐनवेळी "आजारी आहे" सांगून धुऱ्यावरून फोन उचलू नका, थ्रेशरचा आवाज मागे ऐकू येतोच. सप्ताह, भंडारा, लग्नाचा डीजे यांच्या तारखा गावात आधीच कळतात. त्या दिवसांच्या मोठ्या मीटिंगा तालुक्याच्या जागेवरून करा.

दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं, मोटारी चालू होतात आणि बऱ्याच गावांत संध्याकाळचं व्होल्टेज बसतं. त्या दिवसांत लॅपटॉप, फोन आणि राऊटरचा यूपीएस दुपारी तीनच्या आत पूर्ण चार्ज करून घ्या. रात्रीची शिफ्ट असेल तर व्होल्टेज किती वाजता सुधारतं ते बघून इन्व्हर्टरवरचा पंखा तोपर्यंत बंद ठेवा, थंडीत तो लागतही नाही.